चांदणी आणि पेव

शनिवार, १ जुलै १९७२

गुलबर्ग्याहून श्रीनिवासरावांचे पत्र आले. हा संपादक पत्रात नमस्कार लिहीत नाही, तब्येत विचारत नाही, सरळ कामाचे बोलतो. तेवढा एक गुण. बाकी पत्र वाचून वीट आला.

'शुक्रावरचे तुमचे लेख वाचले जात आहेत. पण वाचक नुसत्या माहितीला कंटाळतो. शेवटच्या लेखात निकाल द्या. एवढा धोका पत्करून तिथे जावे की जाऊ नये? एका वाक्यात सांगता आले पाहिजे. लेख महिनाअखेर पोचावा. तोवर रशियाचे यान तिथे उतरलेले असेल.'

एका वाक्यात! जणू बाजारात वांग्यांचा भाव विचारतो आहे.

जिथे शिसे वितळते, जिथली हवा समुद्राच्या तळासारखी अंगावर बसते, जिथे मागचे यान उतरल्यावर अर्धा ताससुद्धा बोलले नाही, तिथे का जावे? हा प्रश्न ज्याला पडतो त्याची मला शिसारी येते. माणूस गुहेतून बाहेर पडला तेव्हाही मागून कोणीतरी 'कशाला?' म्हणालेच असेल. त्याच माणसाचे वंशज आमच्या गावात स्थायिक झाले असावेत.

पाऊस नाही. मृगाने फसवले, आर्द्राही कोरडीच जायलीय. (बघा, दैनंदिनीतही गावची भाषा शिरते.)

बुधवार, ५ जुलै

श्रीपतरावांच्या ओसरीवर नवा अंक वाचला गेला. गावात साप्ताहिक घेणारे दोनच, ते आणि मी. शंभर एकरांचा धनी आहे, चार यत्ता शिकलेला, पण मोठ्याने वाचायची हौस दांडगी. माझे प्रत्येक वाक्य असे वाचतो की ते त्याला कोर्टात खोटे पाडायचे आहे.

"'शुक्रावरील हवा जवळजवळ सगळीच कार्बन डायऑक्साइड वायूची आहे. तिथे तुम्ही काडी ओढलीत तर ती पेटणार नाही.' आता बोला! गुरुजी, कामून जायलेत हे लोक तिथं? घरी काय कमी हाय त्यांच्या?"

"घरी सगळे असते म्हणून माणूस घरातच बसत नाही," मी म्हणालो.

"मानूस मेला म्हंजे?"

"यंत्र आहे ते. त्यात माणूस नाही."

"आज न्हाई. उद्या घालतील की. दुसऱ्याचाच जीव असतोय."

खाली पायरीवर माणिकप्पा बसला होता. श्रीपतरावांकडे सालाने राबणारा, उंच, हाडापेराने मोठा, तोंडात सदा बिडी. तो म्हणाला, "थांबा थांबा मालक. गुरुजी, काडी पेटत न्हाई म्हंजे बिडीबी न्हाई?"

"बिडीबी नाही."

"मग ते गाव आपल्याला नको!" सगळी ओसरी हसली. मग त्याने अगदी गंभीरपणे विचारले, "तिथं जोंधळा हाय का?"

"नाही."

"असता तर गेलो असतो."

पुन्हा हशा. विज्ञानाची सगळी चर्चा आमच्याकडे शेवटी बिडी आणि जोंधळा यांवर येऊन थांबते. घरी येताना मन आंबून गेले होते.

गुरुवार, १३ जुलै

पुनर्वसूही कोरडा. कोहिनूर गावच्या बाजारात जोंधळा दिसेनासा झाला. माझी बायको अन्नपूर्णा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली आणि तिने ती खुंटीला अडकवली. मिलो नावाचा परदेशी लाल जोंधळा सरकारी दुकानात येणार म्हणतात. तो गुरेही हुंगत नाहीत असेही म्हणतात.

श्रीपतरावांनी पेव उघडायचे ठरवले आहे. त्यांच्या गोठ्यामागे जमिनीखाली हे पेव आहे. तोंड एका माणसापुरते, पोट खोलीएवढे, दोन पुरुष खोल. तीन वर्षांपूर्वी जोंधळ्याने भरून, वर कडबा आणि माती घालून शिळा बसवली होती. अर्ध्या गावाचे डोळे त्या शिळेकडे लागले आहेत, कारण श्रीपतराव त्यातला काही जोंधळा गावाला उसना देणार आहेत. पेवात उतरायचे काम माणिकप्पाचे. त्याच्या बापाचेही तेच होते. तळचा थर उतरणाऱ्याचा, अशी इथली रीत. माणिकप्पाच्या घरी चार तोंडे आहेत आणि चूल एकवेळची आहे. त्यामुळे तो रोज येऊन श्रीपतरावांना विचारतो, "मालक, कधी?"

अडले आहे ते चंद्रभागाबाईंमुळे. श्रीपतरावांच्या आई, सगळे गाव त्यांना अक्का म्हणते. रीत अशी की शिळा काढल्यावर आधी टोपलीत तेलाचा दिवा ठेवून तो दोराने पेवात सोडायचा. दिवा तेवला तर उतरायचे. अक्का म्हणतात, "माझ्या घरात दिवा सोडायचा न्हाई. मागल्या येळी सोडला, इजला, आन् महिन्याच्या आत आमचे मालक गेले. आता सून दिवसात हाय. माझ्या दारात दिवा इजलेला मी बघणार न्हाई."

मी माणिकप्पाला विचारले, दिवा कशासाठी सोडतात?

"पेवात माय असती गुरुजी. दिवा इजला म्हंजे माय भुकेली. नारळ द्यायचा, उघडं ठिवायचं, दुसऱ्या दिशी परत दिवा. तेवला की माय जेवली. मग जायाचं."

"आणि तू हे मानतोस?"

"बा मानत हुता," तो म्हणाला आणि हसला. "मला तर खाली गेल्यावर दिव्यानं काय दिसत बी न्हाई. नुसता धूर."

एका बाईला दिवा विझल्याची भीती, दुसऱ्याला जमिनीतली भुकेली देवी. या दोन मूर्खपणांच्या मध्ये गावाचा जोंधळा अडकला आहे.

सोमवार, १७ जुलै

पहाटे परसात गेलो तेव्हा पूर्वेला शुक्र होता. इतका तेजस्वी की चिंचेच्या फांदीला कंदील टांगल्यासारखा. दुरून किती स्वच्छ, किती थंड दिसतो! जवळ गेले की भट्टी. अन्नपूर्णाला दाखवला. ती म्हणाली, "रोजच असते की चांदणी. तुम्हाला लेख लिहायचा म्हणून दिसायलीय."

हाताशी माझी नवी बॅटरी होती. तीन सेलची, मागच्या खेपेला गुलबर्ग्याच्या स्टेशनसमोर घेतलेली. ती परसात फिरवताना डोक्यात आले आणि स्वतःवरच खूश झालो. दिवा नको ना? मग बॅटरी न्यावी! विझणार नाही, म्हणजे अपशकुन नाही. वर उजेड चांगला, कोपरान् कोपरा दिसेल.

सकाळीच श्रीपतरावांकडे गेलो. अक्कांनी बॅटरी हातात घेतली, लावली, फुंकर मारली. पुन्हा मारली.

"इजत न्हाई?"

"वारा आला तरी नाही, अक्का."

"मग चालंल."

बस! इतक्या दिवसांचा घोळ एका फुंकरीत मिटला. माणिकप्पा तर बॅटरी सोडायलाच तयार नव्हता. गोठ्यातल्या म्हशीच्या तोंडावर मारून बघत होता. श्रीपतराव म्हणाले, "गुरुजी, तुमचा इल्म आज पहिल्यांदा कामाला आला."

हे चौथ्या लेखात घालण्यासारखे आहे. शंभर व्याख्यानांनी जाणार नाही ती अंधश्रद्धा एका यंत्राने जाते.

बुधवार, १९ जुलै

अजून पेव उघडलेले नाही. अक्कांनी मुहूर्त काढवला. शुक्रवार. शनिवारी एकादशी, त्या दिवशी धान्याला शिवायचे नाही; रविवारी पुन्हा काहीतरी आहे. म्हणजे शुक्रवारीच शिळा काढायची आणि शुक्रवारीच जोंधळा वर घ्यायचा. एरवी शिळा काढून एक रात्र उघडे ठेवतात म्हणे. मायला वारा मिळावा म्हणून! मला हसू आले. श्रीपतरावांनी मला विचारले, "चालंल नव्हं?" जणू मी पेवशास्त्री. "न चालायला काय झाले?" मी म्हणालो.

लेखाची सुरुवात तीनदा केली. तिन्ही कागद फाडले. 'मानवाची अनंत जिज्ञासा' हे शब्द लिहिले की पेनाला घाण लागल्यासारखी वाटते.

शुक्रवार, २१ जुलै

माणिकप्पा गेला. पेवात.

शनिवार, २२ जुलै

आज एकादशी. अन्नपूर्णाने माझ्यासमोर भगर ठेवली आणि समोर बसून राहिली. मी खाल्ली नाही. तिनेही नाही.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिता येते एवढेच मला येते.

काल सकाळी शिळा काढली. वास आला. शिळी ताडी, कुजका कडबा, ओले गोणपाट, सगळे एकत्र आणि वर काहीतरी गोडसर. मी पंचा नाकाला लावून मागे सरलो. माणिकप्पा म्हणाला, "गुरुजी, ह्या वासानंच निम्मं पोट भरतंय बगा." वरचा कुजलेला थर त्याने काठावरूनच फावड्याने ओढून काढला. काळी, चिकट ढेकळे. ती उकिरड्यावर टाकली तर दोन बायका त्यातून दाणे वेचायला आल्या. श्रीपतरावांनी हाकलल्या.

दुपारी तो उतरला. कमरेला दोर, हातात बॅटरी. उतरण्याआधी त्याने ती स्वतःच्या तोंडावर मारली आणि दात काढले. दारात अक्का उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, समाधानाने.

खालून आवाज आला, "आयायाया, भट्टी हाय की!"

"वर येतोस का?" श्रीपतरावांनी विचारले.

"कशाला? गुरुजी! ओ गुरुजी! तुमचा शुक्र हितंच हाय! रशियावाल्यास्नी सांगा, लांब जाऊ नका!"

आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत जास्त. हे वाक्य लेखात वापरायचे, असे त्याच क्षणी ठरवले.

त्याने कमरेचा दोर सोडून टोपल्याला बांधला. पहिले टोपले वर आले. जोंधळा चांगला होता, मोत्यासारखा, नुसता उबट. लोकांनी त्यात हात घातले. कोणीतरी दाणे तोंडात टाकले. टोपले परत सोडले. खालून "हां" आला. त्यानंतर काही आले नाही.

श्रीपतरावांनी हाक मारली. पुन्हा मारली. मी काठावर गुडघे टेकून वाकलो. खाली भिंतीवर उजेडाचे गोल वर्तुळ दिसत होते. स्वच्छ, पिवळे.

"बॅटरी चालू आहे," मी म्हणालो.

"चालू हाय म्हंजे बराय," श्रीपतराव म्हणाले. "दम खायलाय. उकाडा किती हाय खाली."

मागे कोणीतरी म्हणाले, दिवा जिता तर मानूस जिता. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरातून चहा आला. तो आम्ही प्यालो. बशीतून.

मग राजूबाई आली, त्याची बायको. फडक्यात त्याची भाकरी बांधून आणली होती. तिने फडके खाली ठेवले, पेवाच्या तोंडाशी वाकली, आणि तशीच राहिली.

"बॅटरी चालू आहे, बाई," मी तिलाही सांगितले.

ती म्हणाली, "व्हय. पर उजेड हलंना झालाय."

त्यानंतर जे झाले ते गर्दीत झाले. लिंबाचे फाटे दोराला बांधून पेवात वरखाली घुसळले. एक जण ओला पंचा तोंडाला बांधून निम्म्यावर उतरला आणि ओकत वर आला. तो एक जण मी नव्हतो. शेवटी विहिरीतल्या घागरी काढायचा गळ टाकून धोतराला अडकवून माणिकप्पाला ओढून काढले. चेहरा लालसर होता, भाजल्यासारखा. कानात, नाकात, मिशीत जोंधळा. राजूबाई एकेक दाणा काढत बसली होती.

बॅटरी खालीच राहिली. संध्याकाळी गर्दी पांगल्यावरही पेवाच्या तोंडातून उजेड दिसत होता.

आज सकाळी पंचनामा झाला. 'मयतास फेफऱ्याचा विकार होता' असे लिहिले गेले. श्रीपतराव मान खाली घालून बसले होते. सुशिक्षित साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. माणिकप्पाला फेफरे कधीच नव्हते. अक्षर मात्र माझे नेहमीसारखे वळणदार आले.

अक्कांनी पंचनाम्यात दिव्याचे नावही येऊ दिले नाही. मला शिसारी आली. मला या घराची, या गावाची, या लोकांच्या देवांची शिसारी येते.

रविवार, २३ जुलै

रेडिओवर सांगितले, रशियाचे यान शुक्रावर उतरले. सुमारे पाऊण-एक तास खालून खबर देत होते, मग गप्प झाले. मोहीम यशस्वी.

ते गप्प झाल्यावर मॉस्कोत कोणी बशीतून चहा प्यायले नसेल. त्यांना ठाऊक होते की गप्प होणे म्हणजे काय.

मंगळवार, २५ जुलै

श्रीपतरावांची सून काल बाळंत झाली. मुलगा. पेढे आले, मी परत पाठवले नाहीत. अन्नपूर्णाने डबीत घालून फळीवर ठेवले आहेत. तिथे मुंग्या लागल्या आहेत.

आज पुन्हा पेवाशी बोलावणे आले. मी जाणार नव्हतो, गेलो. पेवात उतरायला मिळेल का हे विचारायला तीन माणसे आली होती. शुक्रवारी ज्याने माणिकप्पाला काठावर ओढून घेतले, तोही त्यात होता. मी त्याला विचारले, "तू बघितलेस ना?"

"बगितलं की."

"मग?"

"तळचा थर हाय गुरुजी." त्याने हे अगदी सौम्यपणे सांगितले, मंद पोराला समजावून सांगावे तसे.

आता सून सुटली म्हणून अक्कांनी दिव्याला परवानगी दिली. स्वतःच टोपलीत पणती ठेवली, वात सारखी केली, हात जोडले. श्रीपतरावांनी दोर सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. टोपली पेवाच्या गळ्याखाली गेली, अजून हातभरही गेली नसेल, आणि ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि नव्हती झाली. वारा नव्हता. काहीच नव्हते. कोणीतरी अदृश्य बोटांनी वात चिमटावी तसे.

चार दिवस उघडे राहूनही.

अक्का म्हणाल्या, "माय भुकेली हाय."

या वेळी मला हसू आले नाही. घरी आलो आणि माझा दुसरा लेख काढला. छापलेला. 'तिथे तुम्ही काडी ओढलीत तर ती पेटणार नाही.' खाली माझे नाव: अच्युतराव, विज्ञान शिक्षक. अंकाला तेलाचा डाग पडला आहे, कारण अन्नपूर्णाने त्यावर परवा वाती वळल्या होत्या.

पेवातही तोच वायू. धान्य श्वास घेते आणि तो सोडते, तो जड असतो, तळाशी बसतो. हे मी नववीला शिकवतो. दरवर्षी. प्रयोगासहित: पेल्यात पेटती मेणबत्ती, वरून वायू ओतायचा, ज्योत विझते, मुले टाळ्या वाजवतात.

शुक्रवार, २८ जुलै

लिंबाचे फाटे दोन दिवस घुसळले, पंखे हलवावेत तशी पेवात घोंगडी हलवली. आज दिवा तळापर्यंत जाऊन तेवत राहिला. जोंधळा निघाला. गावाने पोती भरून नेली. लोक एकमेकांशी आनंदाने बोलत होते आणि मला त्यांचा राग आला, मग कळले की रागावण्याइतकाही माझा अधिकार नाही.

तळच्या थराचा वाद झाला. अक्का म्हणाल्या, "माणिकप्पानं तळ कुठं काढला? एक टोपलं तर काढलं. तळ काढला त्याचा तळ."

राजूबाई कोपऱ्यात उभी होती. मी बोललो. फार बोललो. आवाज चढला. 'पहिला जो उतरला तो याच तळासाठी उतरला' असे काहीतरी म्हणालो. लोक बघत होते. श्रीपतरावांनी निम्मा तळ राजूबाईला आणि निम्मा उतरलेल्या माणसाला दिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, मी म्हनलो नव्हतो का? दुसऱ्याचाच जीव असतोय." त्यांना मला टोचायचे नव्हते. स्वतःशीच बोलावे तसे बोलले. त्यांचे डोळे लाल होते.

लोक म्हणाले, गुरुजी न्यायाचं बोलले. दोघांनी हात जोडले. मला त्या हातांवर थुंकावेसे वाटले. माझ्याच हातांवर, असे लिहायला हवे.

रविवार, ३० जुलै

पहाटे उठून लेख लिहिला. चांदणी चिंचेवर होतीच. उद्याच्या टपालाने जाईल. श्रीनिवासरावांना निकाल हवा होता. दिला. जावे, असेच लिहिले. न जाण्याचा सल्ला देण्याचे धाडस मला झाले नाही, कारण जाणारे विचारून जात नाहीत. त्यांच्या घरी चूल एकवेळची असते. खाली एवढेच लिहिले: 'आधी विझू शकेल असे काहीतरी सोडावे. जे विझतच नाही ते खालची खबर देत नाही.' श्रीनिवासराव हे वाक्य बहुधा काढून टाकतील. जागा अपुरी म्हणतील. मी खोडले नाही.

सकाळी राजूबाई आली. पायरीवरच बसली. पदराखालून बॅटरी काढून समोर ठेवली. पेव रिकामे करताना सापडली, उतरलेल्या माणसाने तिच्याकडे दिली.

"तुमची वस्तू, गुरुजी. लागत न्हाई आता. आतलं सरलं असंल."

अन्नपूर्णाने तिला पाणी दिले. ती घोट घेऊन म्हणाली, "घरी येऊन सांगायचे ते. गुरुजी चांदणीवर जायचं लिवायलेत म्हनून. त्यात मानूस हुता का वो?"

"नाही. नुसते यंत्र."

"आन् ते बिघडलं म्हंजे?"

"दुसरे पाठवतात."

"शानी मानसं हायती," ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरेच तिला ते शहाणपणाचे वाटले.

मग भांडे खाली ठेवून म्हणाली, "खाली उजेड हुता नव्हं शेवटपत्तूर?"

"हो," मी म्हणालो. "होता."

"तेवढं बरं झालं. अंधाराला भ्यायचे ते. कुनाला सांगायचे न्हाईत, पर भ्यायचे. तुमच्यामुळं अंधार तरी न्हवता."

मी बोलणार होतो. दिवा, वायू, मेणबत्तीचा पेला, सगळे ओठांपर्यंत आले होते. अन्नपूर्णा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत आहे. मी तिला काही सांगितलेले नाही, पण तिने त्या अंकावर वाती वळल्या आहेत, तिला वाचता येते. मी काही बोललो नाही. राजूबाईला ते ऐकून काय मिळाले असते? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तो किती सोयीचा आहे हे बघून मला पुन्हा तीच शिसारी आली.

उठताना तिने फडक्यातली पुरचुंडी अन्नपूर्णापुढे सोडली. जोंधळा. सूपभर असेल.

"हे काय?" मी विचारले.

"तळातला. तुम्ही बोलला म्हनून मिळाला. तुमचा वाटा नको का?"

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "न्हाई म्हनू नगा गुरुजी, त्यांचा हाय." आणि गेली.

दुपारी अन्नपूर्णाने तो दळला. घरात दुसरे काही नव्हतेही. भाकरी पुढ्यात आली, पापुद्रा नीट सुटलेली, गरम. तोडली तेव्हा वाफेबरोबर तो वास आला, शिळ्या ताडीचा, कडब्याचा, आणि वर काहीतरी गोडसर.

अन्नपूर्णाने विचारले, "अजून वाढू?"

मी ताट पुढे केले.